रुमाल टाकलेली सीट

माझ्या वडिलांच्या अंगात दोन कला होत्या. दुधाच्या पिशवीचा कोपरा ते असा कापत, की कापलेला तुकडा पिशवीलाच लटकून राहायचा. आणि दुसरी, एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकायची. स्वारगेटला गाडी फलाटाला लागायच्या आधीच, ती वळण घेत असतानाच, ते तिच्या कडेनं पळायला लागत. निळ्या चौकड्यांचा रुमाल तिसऱ्या खिडकीतून आत जायचा आणि सीटवर घडी न मोडता बसायचा. मागून आई दोन पिशव्या, एक वळकटी आणि मी असं सामान घेऊन शांतपणे यायची. सीट कुठं जात नाही, हे तिला माहीत असायचं.

हा कायदा कुठं छापलेला मी पाहिलेला नाही, पण तो मोडलेलाही पाहिलेला नाही. रुमाल पडला की सीट गेली. रुमालामागं माणूस आहे की नाही, हा प्रश्न वेगळा. एका मे महिन्यात वडिलांनी वाईची समजून फलटणच्या गाडीत रुमाल टाकला. चूक कळेपर्यंत ती गाडी हलली. आम्ही मागच्या वाईच्या गाडीत बसलो, पण वडील खंबाटकीपर्यंत एकाच विचारात होते. "दिवे घाट लोक उभ्यानं चढले असतील," ते म्हणाले, "पण माझ्या रुमालाला कुणी हात लावला नसणार." आवाजात पश्चात्ताप होता असं मला आजही म्हणवत नाही.

हा रुमाल मला आठवला तो तीसेक वर्षांनी, पहाटे साडेतीनला, लॅपटॉपसमोर.

झालं असं. मी पुण्यात बसून अमेरिकेतल्या एका कंपनीचे सर्व्हर सांभाळतो. सांभाळतो म्हणजे ते चालू असताना माझी कुणाला आठवण येत नाही. त्या रात्री पावणेतीनला फोन वाजला. आमच्या घरी रात्री वाजलेल्या फोनचा अर्थ एकच असतो. आई दारात येऊन उभी राहिली.

"कोण गेलं?"

"सर्व्हर गेला, आई. तू झोप."

"कुठला?"

"अमेरिकेतला."

"अगं बाई." ती क्षणभर थांबली. "मग तुला जावं लागणार नाही ना?"

जावं लागणार नव्हतं. पण ब्रिज कॉलवर चौदा जण आधीच बसायला आले होते. ब्रिज कॉल म्हणजे बसायला जाण्याचाच प्रकार. प्रत्येक जण येतो, हळू आवाजात 'काय झालं, कसं झालं' विचारतो, ऐकून घेतो आणि कोपरा धरून बसतो. तिकडे संध्याकाळचे सव्वापाच वाजत होते, दिवसाचे व्यवहार मिटवायची वेळ. दर दहा मिनिटांनी एक आवाज विचारायचा, "एनी अपडेट?" अपडेट एवढंच होतं, की दहा मिनिटं गेली होती.

त्या कंपनीचं अॅप्लिकेशन टक्सीडोवर चालतं. टक्सीडो म्हणजे तो लग्नातला कोट नव्हे. एकाच वेळी शेकडो लोकांनी केलेले व्यवहार योग्य त्या प्रोग्रॅमकडे पोचवणारा हा जुना, खानदानी सर्व्हर आहे. त्याचा सातबारा काढला तर पहिलं नाव एटी अँड टीचं, मग त्यांच्याच युनिक्स सिस्टीम लॅबोरेटरीजचं, १९९३ मध्ये फेरफार होऊन नॉव्हेल, १९९६ मध्ये बीईए, आणि २००८ पासून ओरॅकल. मालक बदलत गेले, कूळ तेच. त्याचं काम चालतं रांगांवर. प्रत्येक सर्व्हर प्रोग्रॅमच्या दारात एक रांग, तिला मेसेज क्यू म्हणतात. कामाची चिठ्ठी तिथं पडते, सर्व्हर एकेक उचलतो. आणि काम सांगणाऱ्याचीही स्वतःची एक रांग असते, उत्तर घ्यायला.

त्या रात्री एक सर्व्हर प्रोग्रॅम कोअर टाकून मेला आणि बाकीचे तटून बसले. ड्यूटीवर आमचा नवा मुलगा होता. हुशार आहे, हात जलद आहे, त्यातलं दुसरंच नडलं. त्यानं उरलेल्या सगळ्यांवर किल मायनस नाइन चालवलं.

युनिक्समध्ये प्रोसेस बंद करायला बरेच मार्ग आहेत. किल मायनस फिफ्टीन म्हणजे 'चल, आवर आता' असं सांगणं. तो हातातलं काम संपवतो, फाइली मिटतो, दिवा मालवतो आणि जातो. मायनस नाइन म्हणजे जेवत्या ताटावरून उचलून नेणं. त्याला कळतच नाही आपण गेलो ते, त्यामुळं मागं काही आवरण्याचा प्रश्नच येत नाही. त्याच्या नावे असलेलं बरंचसं सामान कर्नल, म्हणजे युनिक्सचा गाभा, स्वतः आवरतो. उघड्या फाइली मिटतो, मेमरी परत घेतो, सॉकेट बंद करतो. पण मेसेज क्यूला तो हात लावत नाही. मालक गेला तरी रांग तशीच, आतल्या चिठ्ठ्यांसकट. मशीन रीबूट होईपर्यंत किंवा कुणी मुद्दाम काढेपर्यंत.

मुलानं मग सर्व्हर पुन्हा सुरू केला. तो अर्धवट उठला आणि पडला. मुलानं पुन्हा मायनस नाइन केलं आणि पुन्हा सुरू केला. असं तीनदा झालं. दर वेळी नव्या रांगा तयार झाल्या, जुन्या तिथंच राहिल्या. चौथ्या वेळी स्क्रीनवर ओळ आली : 'नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस'.

कॉलवर एकदम उत्साह आला. कारण सापडलं! डिस्क भरली! जागा करा! मॅनेजर म्हणाले, जुने लॉग उडवा. पाऊण तास आम्ही लॉग उडवले, उरलेले जीझिपनं दाबले. डिस्क आधी अडतीस टक्के भरलेली होती, ती एकोणतीस टक्क्यांवर आली. सर्व्हर सुरू केला. 'नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस'. शिवाय आता सर्व्हर मुळात का मेला हे ज्यात लिहिलं होतं तो लॉगही उरला नव्हता. "कावळा शिवत नाहीये," कॉलवर कुणीतरी मराठीत पुटपुटलं. अमेरिकेतून विचारणा झाली, "सॉरी, कॅन यू रिपीट दॅट?"

मॅन पेजवर, म्हणजे युनिक्सच्या माहितीपानावर, खरं कारण निमूटपणे लिहिलेलं असतं, पण पहाटे तीनला मॅन पेज कोण वाचतो? मशीनवर एकूण किती मेसेज क्यू असू शकतात याला एक मर्यादा असते, एमएसजीएमएनआय नावाची. जुन्या लिनक्सवर ती मूळची १६ होती, आता ३२००० आहे. आमच्या मशीनवर कुणा पूर्वजानं ती २५६ करून ठेवली होती. का, ते तोच जाणे, आणि तो कधीच नोकरी बदलून गेला. मर्यादा भरली की नवीन रांग मिळत नाही, आणि त्यासाठी कर्नलकडे वेगळा निरोप नाही. डिस्क भरल्यावर जो द्यायचा तोच तो इथंही देतो. म्हणजे गाडी रिकामी, आत वारा खेळतोय, आणि कंडक्टर दारातून ओरडतोय, 'जागा नाही!' कारण २५६ सीटांवर २५६ रुमाल.

वडिलांचा रुमाल मला आठवला तो इथं.

मी मुलाला म्हणालो, "आयपीसीएस मायनस क्यू मार." यादी पडली. की, आयडी, मालक, परवानगी, किती बाइट, किती मेसेज. ओळी सरकत राहिल्या. 'की' या रकान्यात जवळजवळ सगळीकडे शून्यच शून्य. शून्य म्हणजे 'आयपीसी प्रायव्हेट', खासगी रांग. या नावाची एक गंमत आहे. ती रांग खासगी वगैरे अजिबात नसते, परवानगी असेल तो कुणीही तिच्यात घुसू शकतो. शून्य की दिली की 'नवीन रांग बनव' एवढाच अर्थ. लिनक्सच्या मॅन पेजवर चक्क 'बग्ज' या मथळ्याखाली कबुली दिलेली आहे, की हे नाव जरा फसलंच, 'न्यू' म्हणायला हवं होतं. आमच्याकडे बारशानंतर एवढा प्रामाणिकपणा कुणी दाखवलेला मला आठवत नाही.

मॅनेजर म्हणाले, "त्या फाइली कुठल्या फोल्डरमध्ये आहेत? डिलीट करून टाका ना."

"फोल्डर नाही सर."

"मग फाइली कुठं आहेत?"

"फाइली नाहीत सर. रांगा आहेत."

"पण तू मघाशी फाइली म्हणालास."

म्हणालो होतो. सगळेच म्हणतात. नव्या वळणाच्या, पॉझिक्स जातीच्या रांगा खरंच डेव्ह एमक्यू नावाच्या डिरेक्टरीत फाइलीसारख्या दिसतात, आरएम केलं की जातात. आमच्या या जुन्या घरच्या. बेल लॅब्जच्या कोलंबस युनिक्समध्ये जन्मलेल्या आणि १९८३ च्या सिस्टीम फाइव्हमधून जगभर पसरलेल्या. त्यांना फाइलीसारखं नाव नाही, एलएस केलं तर दिसत नाहीत. त्यांना बघायला वेगळी कमांड आणि काढायला वेगळी. आणि मुख्य म्हणजे, आपल्याला कोण कोण वापरतंय याची त्या मोजदादच ठेवत नाहीत. शेअर्ड मेमरी निदान किती जण चिकटलेत ते सांगते. रांगेला त्याची पर्वा नाही. रिचर्ड स्टीव्हन्स यांनी १९९२ च्या आपल्या युनिक्सवरच्या जाड पुस्तकात याबद्दल नाराजी नोंदवून ठेवली आहे. मला मात्र यात चूक दिसत नाही. चिठ्ठी टाकणारा निघून जावा, घेणारा सवडीनं यावा, म्हणून तर रांग. दोघांपैकी कुणीच आत्ता हजर नाही म्हणून तिनं उठून जावं, असं कसं? रेशनच्या रॉकेलसाठी लोक पहाटे डबा ठेवून घरी जायचे. डबा काही मालकाच्या मागं मागं घरी आला नाही.

मुलगा म्हणाला, "दादा, आयपीसीआरएम मायनस ए मारू का? सगळं एकदम जाईल." त्यानं ते टाइप केलंसुद्धा होतं, रूट म्हणून, म्हणजे मशीनचा सर्वाधिकारी म्हणून. स्क्रीन शेअर चालू होती, कर्सर एंटरची वाट बघत लुकलुकत होता.

"हात काढ कीबोर्डवरून!"

चौदा माणसांनी आपापले हात काढले असावेत, कारण मागची टकटक एकदम थांबली. त्या मशीनवर आणखी एक अॅप्लिकेशन होतं, छपाईचं, ते व्यवस्थित चालू होतं. त्याच्याही रांगा त्याच यादीत होत्या. रूटनं मायनस ए मारलं की घरचे-शेजारचे सगळेच रुमाल खिडकीबाहेर.

मी ठरवलं, एकेक काढायची. मालक बघून, मेसेज बघून, शेवटी कुणी वाचलं ते बघून. आयपीसीएसला मायनस पी दिलं की प्रत्येक रांगेत शेवटचं टाकणाऱ्याचा आणि शेवटचं उचलणाऱ्याचा प्रोसेस नंबर मिळतो. तो नंबर आज जिवंत नसेल तर रांग बेवारस. पहिल्याच रांगेचा नंबर निघाला १८४२२. मुलानं शोधलं. "दादा, जिवंत आहे!" सगळ्यांच्या पोटात गोळा. म्हणजे एक सर्व्हर अजून श्वास घेतोय? नीट बघितलं तर ते जीझिप होतं, आम्हीच अर्ध्या तासापूर्वी लॉग दाबायला सोडलेलं. नंबर ठरावीक मर्यादेपर्यंत गेले की पुन्हा खालून वाटायला लागतात, आणि मेलेल्याचा नंबर नव्याला मिळतो. मयताच्या नावे दुसऱ्यानं अंगठा द्यावा तसं.

मग काम सुरू झालं. यादी मी कागदावर उतरवली होती. मी आयडी वाचायचा, मुलानं टाइप करायचं. पहिल्या पाचसहा सुरळीत गेल्या. मग मी म्हणालो, "बत्तीस हजार आठशे एकोणसाठ."

टकटक झाली. मग शांतता.

"दादा, एकोणसाठ म्हणजे सिक्स्टी नाइन ना?"

मी कागद बघितला. ३२८५९ आमची होती. ३२८६९ छपाईवाल्यांची. त्यानं ३२८६९ टाइप केलं होतं. पोराची शाळा इंग्रजी माध्यमाची, त्यानं साठ ऐकलं आणि पुढं नऊ जोडले. खरं तर चूक त्याची नाही. येणारा आकडा साठ होणार, पण अजून एक कमी आहे, हे आपण मराठीत मोजतानाच उसनवारीवर सांगतो. एकोणतीस, एकोणचाळीस, एकोणऐंशी. नव्वद आलं की हा नियमही सोडतो आणि नव्व्याण्णव म्हणतो. एका बँकेतल्या काकूंनी मला एकदा एकोणनव्वद रुपयांऐवजी नव्व्याण्णव दिले होते, तेव्हा मी हा विषय वाढवला नव्हता. या वेळी वाढवला. ठरलं, आकडे इंग्रजीत. थ्री टू एट फाइव्ह नाइन. पुन्हा म्हणून दाखव. थ्री टू एट फाइव्ह नाइन. एंटर.

सात रांगांपाशी मात्र गाडी अडली. त्यांच्यात मेसेज होते, सगळे मिळून एकोणीस. एका उत्तराच्या रांगेत एकच, ४१२ बाइटचा. मी कॉलवर सांगितलं. चौदा जण गप्प. रिकामी रांग काढायला कुणाची हरकत नसते, पण भरलेली काढायची म्हणजे कुणीतरी 'हो' म्हणायला हवं. त्यात काय आहे? माहीत नाही. उघडून बघता येईल? सरळ मार्गानं नाही, वाचलं की तो मेसेज रांगेतून निघालाच. महत्त्वाचं असेल? असेलही. मॅनेजर म्हणाले, ईमेलवर परवानगी घ्या. ईमेल गेली. उत्तर आलं, आपलं मत काय? मत कळवलं. त्यावर उत्तर आलं, योग्य तो निर्णय घ्यावा. ही शेवटची ओळ मला ओळखीची वाटली. तहसीलदार कचेरीतल्या एका फाइलीवर मी ती लाल शाईत पाहिली आहे.

उत्तराच्या रांगेतल्या त्या ४१२ बाइटचा मात्र मी विचार करत बसलो. तिकडे कुणीतरी बाईंनी किंवा बुवांनी बटण दाबून काहीतरी विचारलं असणार. सर्व्हरनं मरायच्या आधी उत्तर तयार करून त्यांच्या रांगेत टाकलं. तेवढ्यात विचारणाऱ्याचा प्रोग्रॅमच गेला. उत्तर उभं, विचारणारा नाही. पोस्टात अशा पत्रांसाठी वेगळं कार्यालय असतं, तिथं पाकीट उघडून निदान पाठवणाऱ्याचा पत्ता शोधतात. इथं ती सोय नव्हती. आणि खरं सांगायचं तर त्या बाईंनी एव्हाना तेच बटण आणखी अठरा वेळा दाबलं असावं. एकोणीस मेसेज, एकच प्रश्न. निदान मी स्वतःची समजूत तशी घातली आणि म्हणालो, "काढ."

तीन रांगांचा मालक रूट होता. मेसेज शून्य, कधीपासून आहेत कळेना, कुणाच्या ते कुणी सांगेना. त्यांना हात लावायचा नाही असं एकमतानं ठरलं. रात्रभरात एकमत झालेली ही एकच गोष्ट.

एकशे नव्वदावी रांग काढत असताना कॉलवर आमचे 'आजोबा' आले. आजोबा म्हणजे टीममधले सगळ्यांत जुने गृहस्थ. टक्सीडो नॉव्हेलकडे होतं तेव्हापासूनचे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "टीएमआयपीसीआरएम का नाही चालवलंत?"

कुणी बोललं नाही.

"टक्सीडोचीच कमांड आहे. अॅप्लिकेशन असं पडलं की मागं राहिलेल्या सगळ्या रांगा, सेमाफोर, शेअर्ड मेमरी, फक्त त्याच अॅप्लिकेशनचं, शोधून काढते. मायनस एन दिलंत तर आधी नुसती यादीही दाखवते."

"आम्हाला माहीत नव्हतं," मी म्हणालो.

"मला उठवायचं ना."

"तुमची झोपमोड नको म्हणून..."

"अरे, मी चारपासून जागाच आहे. या वयात झोप कुठली?"

त्यांनी कमांड चालवली. उरलेल्या रांगा, ज्यांच्यासाठी मी अजून तासभर थ्री टू एट म्हणत बसलो असतो, चहाला उकळी फुटायच्या आत गेल्या. सर्व्हर उठला. कॉलवरचे चौदा जण थँक्यू म्हणत एकेक करून उठले, बसायला आलेले उठतात तसे, 'येतो' न म्हणता. आजोबांनी जाता जाता आणखी एक सांगितलं, की हल्ली सिस्टमडी नावाच्या सोयीत उलटा प्रकारही आहे. यूजर लॉगआउट झाला की त्याच्या सगळ्या रांगा, मेमरी, सेमाफोर ती आपणहून पुसून टाकते. पोस्टग्रेस डेटाबेसवाल्यांना हे इतकं भोवलं की त्यांनी आपल्या दस्तऐवजात त्याबद्दल ताकीदच घालून ठेवली आहे. म्हणजे एक कर्नल, मालक मेला तरी रुमाल न हलवणारा. आणि एक ही सोय, तुम्ही पाणी प्यायला उतरलात की तुमची सीट पुसून दुसऱ्याला देणारी. मधला कुणी मिळत नाही.

आई चहा घेऊन आली. "उठला का तो?"

"उठला."

"बरं झालं. आता तू झोप."

पुढच्याच शनिवारी वाईला जायचं होतं. स्वारगेटला गाडी लागलेली, भरलेली, एकच सीट रिकामी, आणि त्यावर रुमाल. पांढरा, घडी घातलेला. मी विचारलं, "कुणाचा आहे?" कुणी बोललं नाही. पुन्हा विचारलं. खिडकीतल्या काकूंनी मान दुसरीकडे वळवली. बाजूचे आजोबा म्हणाले, "असेल कुणाचा तरी, येईल." गाडी हलली. कुणी आलं नाही. मी पट्टा धरून उभा राहिलो. कात्रजचा बोगदा गेला, शिरवळ गेलं, माझ्या गुडघ्याला लागून ती सीट आणि तिच्यावर तो रुमाल. मालक कोण, शेवटचं कुणी पाहिलं, काहीच कळायला मार्ग नव्हता.

खंबाटकीच्या अलीकडे कंडक्टर तिकिटं संपवून मागून पुढं आला. त्यानं रुमाल उचलला, मान पुसली, खिशात टाकला.

"माझाय," तो म्हणाला. "बसा की, उभे का?"